वाचक विचारतात: मंडळीच्या समाजसेवेला पैसा कुठून आणायचा?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. चर्चच्या मंडळीला परिसरासाठी काहीतरी करायचं आहे, पण तिजोरीत उरत काही नाही. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: आमची मंडळी साठ कुटुंबांची आहे. पाळकांचं मानधन, वीजबिल आणि इमारतीची डागडुजी झाली की वर्षाअखेरीस हाती काही राहत नाही. चर्चच्या हॉलमध्ये परिसरातल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू करावी आणि ती सर्व धर्मांच्या मुलांना खुली असावी, असं कमिटीला मनापासून वाटतं. पण प्रत्येक बैठक ‘पैसे आले की बघू’ या वाक्यावर संपते. सुरुवात कुठून करावी? (कमिटीचे सेक्रेटरी)

उत्तर: सुरुवात आकड्यापासून करा. किती लागतील हे कमिटीतल्या कुणालाच नेमकं सांगता येत नाही, म्हणूनच बहुतेक बैठका त्या वाक्यावर संपतात.

समजा २५ मुलं, आठवड्यातून ३ संध्याकाळी, वर्षातले ४० आठवडे. एका मुलाची एक संध्याकाळ हे माप धरलं, तर वर्षाला ३,००० संध्याकाळी होतात. आता खर्चाच्या दोन याद्या करा. एकदाच होणारा खर्च पहिल्या यादीत: टेबलं, फळा, कपाट, चांगले दिवे. दर महिन्याला होणारा दुसऱ्या यादीत: वीज, झेरॉक्स, वह्या, शिकवणाऱ्यांचा प्रवासखर्च, हॉलची आणि स्वच्छतागृहाची सफाई, प्रथमोपचार पेटीत संपलेल्या वस्तू. सफाई आणि प्रवासखर्च हमखास विसरले जातात आणि तिसऱ्या महिन्यात तेच अंगावर येतात. दुसऱ्या यादीची वर्षाची बेरीज करा, त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी धरा आणि ३,००० ने भागा. येणारा आकडा लोकांसमोर ठेवा. ‘अभ्यासिकेला मदत करा’ म्हटलं की लोक मान डोलावतात. ‘एका मुलाच्या एका संध्याकाळचा खर्च इतका’ म्हटलं की आपल्याला किती संध्याकाळी पेलतील, याचा ते हिशोब करू लागतात.

हजेरी साठ टक्केच राहिली तर प्रत्यक्षात १,८०० संध्याकाळीच भरतील. खर्च मात्र जवळजवळ तेवढाच राहील, म्हणजे दर संध्याकाळचा खर्च १.६७ पट होईल. म्हणून आधी १२ मुलं घेऊन तीन महिने अभ्यासिका चालवून पाहा आणि खरी हजेरी हाती आल्यावरच वर्षाचा आकडा जाहीर करा.

माणसांचाही हिशोब मांडा. मुलं असतील तिथे एका वेळी किमान दोन प्रौढ हवेतच, ही अट सुरक्षेची आहे आणि ती सोडू नये. आठवड्याला ३ संध्याकाळी आणि ४० आठवडे म्हटल्यावर २४० पाळ्या होतात. एक स्वयंसेवक पंधरवड्याला एक पाळी करेल असं धरलं, तर त्या चाळीस आठवड्यांत त्याच्या २० पाळ्या होतील. म्हणजे १२ जण लागतील, आणि आजारपण, परीक्षा, लग्नसराई धरून १५. पंधरा नावं लिहून झाली नाहीत, तर पैसे असूनही काम बंद पडेल.

आता पैसा. गेल्या बारा महिन्यांचा जमाखर्च एका कागदावर उतरवून कमिटीने एकत्र बसून वाचावा. त्यात एक प्रश्न विचारावा: मंडळीबाहेरच्या माणसासाठी आपण किती खर्च केला? उत्तर बहुधा शून्याच्या जवळ येईल. मग सर्वसाधारण दानार्पणातले दोन टक्के सेवाकार्याच्या स्वतंत्र खात्यात वळवण्याचा ठराव करा. वर्षाअखेरीस जे उरेल ते, असा नको. रक्कम जमा झाली की त्याच महिन्यात वळली पाहिजे, कारण ‘उरेल ते’ कधीच उरत नाही. दोन टक्क्यांत अभ्यासिका चालणार नाही, हे खरं. पण पुढे बाहेरच्या कुठल्याही दात्याकडे गेलात तरी त्याचा पहिला प्रश्न ‘तुमच्या मंडळीने स्वतः काय घातलं?’ हाच असतो.

उरलेला भार थोड्या पण नियमित दानावर टाका. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १७४२ साली मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना कॅप्टन फॉय या सभासदाने केली. काहींना तेवढंही परवडणार नाही, असा आक्षेप निघाला. तेव्हा तो म्हणाला की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांना भेटेन आणि त्यांचं कमी पडेल ते मी भरेन. मिझोराममध्ये गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलेल्या ‘बुहफाइ थाम’ या प्रथेत घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढला जातो. मंडळीतल्या स्त्रिया तो गोळा करतात आणि त्याच्या विक्रीतून निधी उभा राहतो. दोन्हीकडे रक्कम लहान, वेळ ठरलेली, आणि गोळा करायला ओळखीचं माणूस दारात येणारं. यातलं तिसरं आपल्याकडे सहज गळतं. दर दहा घरांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमा. महिन्यातून एकदा तिने त्या घरी जावं, आणि पैशाआधी त्या घराची विचारपूस करावी.

प्रश्न: वृद्धांच्या घरभेटी आणि औषधांच्या मदतीसाठी आम्ही विशेष दानार्पण सुरू केलं. पहिल्या महिन्यात थैली भरली. चौथ्या महिन्यापर्यंत ती पाव भागावर आली. लोकांची आस्था कमी झाली असं समजायचं का? (महिला मंडळाच्या अध्यक्षा)

उत्तर: आस्थेवर इतक्या लवकर शंका घेऊ नका. बहुतेक वेळा कारणं साधी असतात. आवाहनाला शेवटची तारीख नसते, म्हणून देणाऱ्याला हे आयुष्यभराचं ओझं वाटू लागतं. त्याच रविवारी दुसरंही एखादं दान मागितलं जातं. आणि आधीच्या पैशाचं काय झालं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा पुढचं आवाहन बारा महिन्यांचंच करा आणि संकल्पपत्रं छापून घ्या. त्यावर तीनच गोष्टी असाव्यात: दरमहा रक्कम, किती महिने, आणि ‘रकमेऐवजी वेळ देईन’ हा पर्याय. हा पर्याय नावापुरता ठेवू नका. महिन्याला चार भेटी देणाऱ्या आजींचं दान वहीत तितक्याच मानाने नोंदवलं गेलं पाहिजे. संकल्प केलेली सगळी रक्कम येईल असं धरून खर्च ठरवू नका. नोकऱ्या जातात, कुटुंबं गाव सोडतात. शंभर कबूल झाले तर ऐंशीचंच अंदाजपत्रक करावं.

एकूण गरजेला कुटुंबांच्या संख्येने भागून ‘प्रत्येकी इतके’ असं सांगू नका. ज्याला जास्त देता आलं असतं तो तेवढ्यावर थांबतो आणि ज्याला तेवढंही जमत नाही तो शरमेने रविवारी यायचंच टाळतो. याऐवजी दानाची उतरंड मांडा. गरज १०० भाग धरा. त्यात १५ भागांचं एक दान, १० भागांची दोन, ५ भागांची पाच, २ भागांची दहा आणि १ भागाची वीस दानं. बेरीज बरोबर १०० होते आणि दाते लागतात अडतीस. वरच्या आठ दानांसाठी थैली फिरवून भागत नाही. त्या माणसांकडे पाळकांनी आणि कमिटीतल्या एकाने घरी जाऊन, खर्चाचा कागद दाखवून मागावं लागतं. एका मोठ्या दानामागे साधारण तीन नावं मनात धरून निघा, कारण तिघांपैकी दोघं नाही म्हणतील आणि त्यांना तो हक्क आहे.

पहिल्या दानार्पणानंतर चार आठवड्यांच्या आत उपासनेत दोन मिनिटांचा अहवाल द्या: किती आले, किती खर्च झाले, किती भेटी झाल्या, किती शिल्लक. ज्यांना मदत मिळाली त्यांची नावं, फोटो, आजार यातलं काहीही सांगू नका. गरजू माणसाची लाज विकून उभा केलेला निधी आमच्या मते घेऊच नये.

प्रश्न: निधीसाठी तरुण संघाने संगीत संध्या आणि खाद्यविक्री केली. गर्दी खूप झाली, सगळे खूश होते. हिशोब झाल्यावर मात्र हाती फारच थोडं उरलं. चूक कुठे झाली? (तरुण संघाचा कार्यकर्ता)

उत्तर: गर्दी आणि गल्ला वेगळे मोजायला हवेत. कार्यक्रम ठरवण्याआधी एका बाजूला खात्रीचा खर्च लिहा: ध्वनियंत्रणा, मंडप, छपाई, साहित्य, सफाई. दुसऱ्या बाजूला निम्मीच तिकिटं खपली तर किती येतील, ते लिहा. निम्म्या तिकिटांत खर्च भरून निघत नसेल, तर कार्यक्रम लहान करा. एकूण जमा खर्चाच्या तिप्पट व्हावी, असं लक्ष्य ठेवा. दुपटीपेक्षा कमी दिसत असेल तर निधीचं कारण सांगून तो कार्यक्रम करू नका. मेळावा म्हणून आनंदाने करा, तो वेगळा आणि चांगला हेतू आहे.

नंतर आणखी एक भागाकार करा. निव्वळ शिल्लक भागिले सर्वांनी मिळून दिलेले तास. तीस जणांनी प्रत्येकी दहा तास दिले तर ते ३०० तास झाले. तेच तास घरोघरी संकल्पपत्रं नेण्यात गेले असते तर किती आलं असतं, हे कमिटीने मोकळेपणाने पाहावं. शिवाय विकत घेणारे कोण होते? मंडळीतली तीच कुटुंबं असतील, तर त्यांनी पुढच्या महिन्याचं दान या महिन्यात दिलं, एवढंच घडलं. बाहेरचे लोक किती आले, ते दारावर मोजत चला.

सोडत काढून निधी जमवायचा विचार असेल तर दोनदा थांबा. सोडतीला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो, आणि अनेक मंडळ्यांमध्ये ती जुगारासारखी म्हणून सद्सद्विवेकाला पटत नाही.

प्रश्न: एका देणगी देणाऱ्या संस्थेकडे आम्ही अर्ज केला होता. ‘धार्मिक संस्थेला अनुदान देत नाही’ एवढंच एका ओळीचं उत्तर आलं. आमचं काम तर सर्वांसाठी खुलं आहे. पुन्हा अर्ज करण्यात अर्थ आहे का? (पाळक)

उत्तर: अर्थ आहे, पण त्याच कागदांवर नाही. तुमचा अर्ज वाचणाऱ्याला तीन गोष्टींची भीती असते. पैसा उपासनेच्या किंवा धर्मप्रचाराच्या खर्चात मिसळेल. मदत फक्त सभासदांनाच मिळेल. मदत घेणाऱ्याला प्रार्थनेला बसावं लागेल. ही भीती नुसत्या आश्वासनाने जात नाही, तिला कागदावर उत्तर द्यावं लागतं.

कमिटीचा लेखी ठराव करा: सेवा जात, धर्म, सभासदत्व न पाहता दिली जाईल, कोणत्याही उपासनेला हजर राहण्याची अट नसेल, या कामाच्या वेळेत धर्मशिक्षण होणार नाही. ठराव अर्जाला जोडा आणि हॉलच्या दारावरही लावा. सेवाकार्याचं बँक खातं वेगळं ठेवा. ते शक्य नसेल तर निदान खातेवहीत स्वतंत्र शीर्ष ठेवा. काम वाढत असेल तर त्यासाठी स्वतंत्र नोंदणीकृत संस्था काढावी का, हे आपल्या भागातला कायदा जाणणाऱ्या हिशोबनिसाला विचारा. घाईने संस्था मात्र काढू नका. दरवर्षीचे लेखापरीक्षण, विवरणपत्रं, विश्वस्तांच्या बैठका हे सगळं चालवायला माणसं लागतात, आणि ती नसली की चांगल्या हेतूने काढलेली संस्था कागदोपत्री अडकून पडते.

अर्जाआधी त्या संस्थेचे पात्रतेचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि शक्य असेल तर फोन करून विचारा. दहा मिनिटांच्या त्या बोलण्याने महिन्याची मेहनत वाचते. अर्ज दोन पानांत बसवा. पहिल्या परिच्छेदात नेमकं काम, किती लोक, किती रक्कम, किती महिने. त्यानंतर गरजेचा पुरावा. ‘परिसरात खूप गरिबी आहे’ हा पुरावा नव्हे. ‘हॉलपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावरच्या दोन शाळांतल्या शिक्षकांशी बोललो, तेव्हा घरी अभ्यासाला जागा नसलेली इतकी मुलं त्यांनी सांगितली’, हा पुरावा. मग कामाचं महिन्यांनुसार वेळापत्रक, अंदाजपत्रक, आणि यश कशावरून मोजणार, ते.

अर्ज सर्वांत जास्त अंदाजपत्रकात अडखळतात. बेरीज चुकते. मजकुरात २५ मुलं आणि तक्त्यात ३० जणांच्या वह्या येतात. शंभर टक्के रक्कम एकाच संस्थेकडे मागितली जाते. तुमचा वाटा दाखवा: दोन टक्क्यांचं दानार्पण, हॉलचा विनामूल्य वापर, स्वयंसेवकांचे तास. एका पाळीला अडीच तास धरले तर पहिल्या उत्तरातल्या अभ्यासिकेच्या दोनशे चाळीस पाळ्यांचे ६०० तास होतात. त्याला त्या कामासाठी परिसरात मिळणाऱ्या नेहमीच्या मजुरीचा दर लावून वेगळ्या रकान्यात मूल्य लिहा. ते रोख रकमेत मिसळू नका, तपासणाऱ्याला ती लपवाछपवी वाटते. आणि मंजुरीचं पत्र हाती येण्याआधी खर्च करू नका. आधीच झालेल्या खर्चाला बहुतेक संस्था पैसे देत नाहीत.

पहिला अर्ज मोठ्या संस्थेकडे न करता आपल्याच धर्मप्रांताच्या किंवा मंडळ्यांच्या संघाच्या सेवा विभागाकडे करावा. तिथे रक्कम लहान असते, पण धार्मिक संस्था असणं आड येत नाही, आणि वेळेवर हिशोब दिलेलं एक छोटं अनुदान पुढच्या अर्जात तुमची पत ठरतं.

प्रश्न: कपडे आणि वस्तू द्या असं जाहीर केलं, तर हॉल फाटक्या कपड्यांनी भरला. आता ते हलवायलाच पैसे लागणार. (खजिनदार)

उत्तर: ‘काहीही द्या’ असं पुन्हा म्हणू नका. यादी द्या: वस्तू, आकार, नग, तारीख, वेळ. ‘इयत्ता पाचवी ते सातवीसाठी दोनशे पानी वह्या, ७५ नग, शनिवारी ४ ते ६ या वेळेतच.’ दारात दोन माणसं बसवा. स्वतःच्या मुलाला घालणार नाही ते कपडे त्यांनी तिथेच नम्रपणे परत करावेत. औषधं तर मुळीच गोळा करू नका, मुदत आणि साठवण यांची खात्री देता येत नाही. वस्तूपेक्षा कौशल्य मागणं अनेकदा फायद्याचं ठरतं: मंडळीतला वायरमन, सुतार, हिशोबनीस, निवृत्त शिक्षिका. अंदाजपत्रकातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘हे कुणाच्या हातात आहे?’ असं लिहून पाहा, काही ओळी पैशाविना सुटतील.

प्रश्न: आमचे खजिनदार प्रामाणिक आहेत, पण वीस वर्षं थैली मोजणं, पैसे बँकेत भरणं आणि वही लिहिणं हे सगळं तेच करतात. लोक कुजबुजतात आणि दान अडतं. त्यांना न दुखावता काय करता येईल? (एक सभासद)

उत्तर: पद्धत बदलणं हे खजिनदारांच्या संरक्षणासाठी आहे, हे त्यांना आधी एकांतात सांगा, मग बैठकीत ठराव आणा. यरुशलेमच्या गरजूंसाठी वर्गणी नेताना प्रेषित पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली. एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी दोष देऊ नये म्हणून ही काळजी घेतल्याचं त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्पष्ट म्हटलं आहे. प्रेषिताला जी गरज वाटली ती आपल्यालाही वाटावी.

मोजणी दोघांनी करावी, आणि ते एकाच घरातले नसावेत. उपासना संपल्यावर त्याच खोलीत नोटा आणि नाणी वेगवेगळी मोजून मोजणीपत्रक भरा, दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत खजिनदाराकडे आणि एक सेक्रेटरीकडे द्या. बँक उघडली की पहिल्याच दिवशी संपूर्ण रक्कम भरा. थैलीतूनच किरकोळ खर्च भागवण्याची सवय सर्वांत घातक आहे. कुणाच्या मनात काही वाईट नसतं, पण जमा आणि बँकेतला भरणा जुळत नाही आणि पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम वेगळी ठेवा, आणि ती बिलांइतकीच पुन्हा भरा. बँकेतून पैसे काढायला दोन सह्या असाव्यात. कोऱ्या चेकवर आधीच सही करून ठेवायची नाही. महिनाअखेरीस बँकेचं विवरण आणि वही जुळवण्याचं काम पैसे न हाताळणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीकडे द्या.

ठरावीक हेतूने आलेला पैसा त्याच हेतूसाठी वापरायचा. औषधांसाठीच्या दानातून छताची गळती दुरुस्त करून ‘पुढच्या महिन्यात परत टाकू’ म्हणणं हा दात्याशी केलेला करार मोडणं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही चूक आहे. म्हणून दान मागतानाच एक ओळ लिहा: ‘गरजेपेक्षा जास्त रक्कम आल्यास ती मंडळीच्या इतर सेवाकार्यासाठी वापरली जाईल.’ ही ओळ नसेल तर उरलेल्या रकमेसाठी प्रत्येक दात्याला पुन्हा विचारावं लागतं.

प्रश्न: एक सधन सभासद अभ्यासिकेला दहा संगणक द्यायला तयार आहेत, आणि परदेशातले एक स्नेही पाळकांच्या खात्यावर थेट पैसे पाठवू म्हणतात. दोन्ही घ्यावं का? (अभ्यासिकेचे संयोजक)

उत्तर: संगणकांच्या आधी त्यांचा दरवर्षीचा खर्च काढा: वीज, दुरुस्ती, इंटरनेट, कुलूपबंद खोली, आणि शिकवणारं माणूस. दात्याला मोकळेपणाने सांगा की चार संगणक आणि तीन वर्षांची देखभाल आम्हाला दहा संगणकांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. समजूतदार दाता सहसा मान्य करतो. नाव लावण्याची, किंवा अमुकच मुलाला मदत द्यावी अशी अट असेल, तर त्याबद्दलचं कमिटीचं धोरण दान घेण्याआधी लेखी असू द्या.

पाळकांच्या खात्यावर मात्र एक पैसाही घेऊ नका, स्नेही कितीही जवळचे असोत. परदेशी दानावर अनेक देशांत वेगळे नियम असतात. काही ठिकाणी आधी परवानगी आणि ठरवून दिलेलं बँक खातं लागतं. नियम मोडला तर पाळक वैयक्तिक अडचणीत येतात आणि मंडळीची इतर खातीही तपासणीत अडकतात. आधी जाणकार हिशोबनिसाचा लेखी सल्ला घ्या. तो मिळेपर्यंत त्या स्नेह्यांना आभाराचं पत्र पाठवा आणि पैसे तूर्त स्वतःकडेच ठेवायची विनंती करा.